सव्वातेरा फूट

आमच्याकडे दोन ऑस्कर आहेत. आणले तेव्हा बोटभर होते, आता एकेक जण ताटलीएवढा झालाय. ऑस्कर पाळणाऱ्याला सांगायला नको, हा मासा खातो भरपूर आणि घाण त्याहून जास्त करतो. चार फुटी टाकीत फिल्टर रोज हरायला लागला, तेव्हा पाच बाय दोन बाय दोनची टाकी करायची आणि तिला संप जोडायचा, असं ठरवलं. घरात नळाच्या पाण्यासाठी जमिनीखाली संप असतो ना, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या टाकीतलं पाणी आपोआप खाली दुसऱ्या छोट्या टाकीत उतरतं, तिथं स्पंज, सिरॅमिकचे तुकडे, बायोबॉल यांतून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो.

साधारणपणे हा संप टाकीच्याच स्टँडखाली बसतो. आमचं घर सांगलीत विश्रामबागला, रो-हाउस. खाली पार्किंग आणि एक सामानाची खोली, वर हॉल आणि किचन. बाबांची झोप फार सावध. हॉलला लागूनच त्यांची खोली आणि रात्री संपाची खळखळ त्यांना नको होती. दुसरं कारण वजनाचं. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे वीस घनफूट, म्हणजे नुसतं पाणीच साडेपाचशे लिटरच्या वर. काच, वाळू, दगड, लोखंडी स्टँड धरून पाऊण टनाच्या पुढे जातं. ओळखीच्या इंजिनिअरनं टाकी बीमच्या रेषेत भिंतीला लावायला सांगितली आणि त्यात संपाचे आणखी दीडशे किलो नकोत म्हणाला. म्हणून संप खालच्या खोलीत ठेवायचं ठरलं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं नव्हतं, म्हणून एवढं धाडस केलं. नदीकाठच्या गावभागात घर असतं तर खाली काहीच ठेवलं नसतं.

पंपाचा प्रश्न मला तेव्हा सगळ्यात सोपा वाटला होता. पुढचे दोन महिने त्यानंच खाल्ले.

दुकानात गेलो. खोक्यावर दोन आकडे होते: ताशी ५००० लिटर आणि एच-मॅक्स ४.३ मीटर. मी मनात हिशोब केला, मजल्याची उंची दहा फूट म्हणजे तीन मीटर, पंप ४.३ पर्यंत चढवतो, म्हणजे आरामात झालं. दुकानदारही म्हणाला, ‘बिनधास्त न्या साहेब, डबल पाणी चढेल.’ प्लंबरदादांकडून पाऊण इंची पाइप टाकून घेतला, कारण पंपाचं तोंड पाऊण इंचीच होतं. रविवारी सकाळी बटण दाबलं. वरून बायको ओरडली, ‘येतंय हो!’ मी धावत वर गेलो. पाणी येत होतं हे खरं, पण नळाचा वॉशर गेल्यावर येतं तसं.

पंधरा लिटरची बादली पाइपाच्या तोंडाशी टाकीच्या काठावर धरली आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. बादली भरायला तीन मिनिटं चाळीस सेकंद लागले. म्हणजे ताशी २४५ लिटर. खोक्यावरच्या आकड्याच्या विसावा हिस्सासुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी मामांना फोन केला. मामांचं शेत पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडीपासून जवळ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या माळावर कारखाना वसवला, तेव्हापासून त्या भागातल्या माणसाला मोटारीचं वेगळं शिकवावं लागत नाही. मामांनी आयुष्यात विहिरीवर, ओढ्यावर, नदीवर मिळून किती मोटारी बसवल्या असतील त्याची गणती नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘हेड किती धरलंस?’

‘तीन मीटर.’

‘कुठनं कुठवर?’

मी गप्प झालो. मामा म्हणाले, ‘अरे बाळा, हेड जमिनीपासनं नसतं. खालच्या पाण्याच्या पातळीपासनं वर जिथं पाणी पडायचं तिथवर मोजायचं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार तीच असते, पण पाणी कमी फेकते. का? हेड वाढलं म्हणून. टेप घे आणि मोज.’

टेप घेतला. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत, स्लॅब धरून, दहा फूट तीन इंच. वर स्टँड आणि त्यावर टाकी, त्यातल्या पाण्याचा पृष्ठभाग हॉलच्या फरशीपासून चार फूट तीन इंच. हे मी धरलंच नव्हतं. त्यातून संपातल्या पाण्याची उंची वजा, कारण तेवढं पाणी आधीच वर आहे: संप सहा इंच ओट्यावर, त्यात नऊ इंच पाणी, म्हणजे सव्वा फूट. शिल्लक राहिले सव्वातेरा फूट, म्हणजे ४.०४ मीटर.

आणि एच-मॅक्स म्हणजे काय, तर ज्या उंचीला पंप पाण्याचा खांब नुसता तोलून धरतो, एक थेंबही बाहेर पडत नाही, ती उंची. क्यू-मॅक्स, म्हणजे ते ५००० लिटर, ते शून्य उंचीला. हे दोन आकडे एका रेषेची दोन टोकं आहेत आणि दोन्ही टोकांना पंप प्रत्यक्षात कुणी चालवत नाही. आपण उभे असतो मधे कुठंतरी. मी तर ४.३ पैकी ४.०४ वर, रेषेच्या पार शेवटच्या टोकाला उभा होतो. पंपाचा काही दोष नव्हता. त्यानं जमेल तेवढं केलं होतं.

मामांनी दुसऱ्या दिवशी त्यांची जुनी अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे पंप आणि मोटार एकाच अंगात असलेली, ट्रॅक्टरमधून पाठवून दिली. प्रेमाचं काम, नाही म्हणवेना. अर्ध्या तासासाठी लावून बघितली. पाणी असं आलं की टाकी काठोकाठ चढायला लागली. उतरायच्या पाइपांना तेवढं पाणी पेलवेना आणि मी जिन्यावरून ओरडत खाली जाऊन बटण बंद केलं. पण पाण्याचा जोर हा त्यातला सगळ्यात छोटा मुद्दा. अर्धा एचपी म्हणजे शाफ्टवर ३७३ वॅट, विजेच्या मीटरवर साडेपाचशेच्या आसपास. शेतात मोटार चार-सहा तास चालते, टाकीचा पंप चोवीस तास, बाराही महिने. साडेपाचशे वॅटनं महिन्याचे जवळजवळ ४०० युनिट होतात. महावितरणच्या बिलात ३०० च्या पुढे टप्पा बदलतो, म्हणजे माशांचं पाणी फिरवायला घराच्या विजेपेक्षा जास्त पैसे गेले असते. त्यात ओतीव लोखंड गंजणार आणि पितळी इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, पाण्यात थोडं थोडं तांबं सोडत राहणार. तांबं माशांना चांगलं नाही, गोगलगाई तर त्यानं मरतातच. मोटार साभार परत गेली. मामांना कारणं सांगितली तेव्हा म्हणाले, ‘चोवीस तास? मग बाबा ही नाहीच चालायची. हिला इसावा लागतो.’

मग मी नीट बसलो. वही घेतली.

पहिला प्रश्न: मला पाणी हवंय किती? टाकीत प्रत्यक्ष पाणी पाचशे लिटरच्या आसपास. ताशी तीन-चार वेळा ते संपातून जाऊन यावं, म्हणजे दीड ते दोन हजार लिटर. टाकीत जोराचा प्रवाह हवा असेल तर त्यासाठी टाकीतच बसणारा छोटा वेव्हमेकर लावायचा. तेरा फूट चढवलेलं महाग पाणी नुसतं हलवाहलवीसाठी वापरायचं नाही. मी ताशी २००० लिटर धरले.

दुसरा प्रश्न पाइपाचा, आणि इथं माझे डोळे उघडले. पाणी पाइपाला घासत जातं, त्या घर्षणातही उंची खर्च होते. माझी लाइन चार मीटर उभी, पाच मीटर आडवी. त्यात सहा एल्बो म्हणजे काटकोनी वळणं, एक बॉल व्हॉल्व्ह, दोन युनियन म्हणजे सोडवता येणारे जोड. प्रत्येक एल्बो म्हणजे आणखी पाऊण-एक मीटर सरळ पाइप टाकल्यासारखा. सगळं मिळून चौदा मीटर धरले. ताशी २००० लिटरला पाऊण इंची पाइपात घर्षण जवळजवळ दोन मीटर येतं. एक इंचीत साठ सेंटिमीटर. सव्वा इंचीत जेमतेम अठरा.

दोन मीटर म्हणजे साडेसहा फूट. पाऊण इंची पाइप घालून मी जणू टाकी आणखी साडेसहा फूट वर, स्लॅब फोडून गच्चीकडे नेत होतो. बरं, पहिल्या पंपाच्या वेळी हे दिसलंच नाही, कारण ताशी २४५ लिटरला घर्षण नगण्य असतं. प्रवाह दुप्पट झाला की घर्षण जवळपास चौपट होतं. तेव्हा तोच पाइप ठेवून नुसता मोठा पंप आणला असता, तर तोही अर्ध्यातच दमला असता आणि मी तिसरा आणायला गेलो असतो. पंपाचं तोंड पाऊण इंची आहे म्हणून लाइनही पाऊण इंची, ही प्लंबरदादांची सवय आहे आणि घरातल्या नळांना ती चालूनही जाते, कारण तिथं गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर फुकट मिळतं. इथं प्रत्येक सेंटिमीटरची वीज मोजावी लागते.

पाइप काढून सव्वा इंची टाकला. पंपाशी रिड्यूसर दिला, एल्बो सहाचे चार केले आणि दोन ठिकाणी लाँग बेंड घातले. जादा खर्च एकदाच झाला. आता एकूण हेड ४.२ मीटर.

आता या ४.२ ला ताशी २००० देणारा पंप हवा होता. मी दुकानात खोका न बघता आधी माहितीपत्रक मागायला लागलो. त्यात आलेख असतो, उंचीसमोर प्रवाह. तीन दुकानांत आलेख मिळाला नाही, तिथून काही घेतलं नाही. आलेख नसलेला पंप या कामाला घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. शेवटी एक डीसी पंप मिळाला, २४ व्होल्टचा, सिरॅमिक शाफ्ट, एच-मॅक्स ६.५ मीटर. आलेखावर साडेचार मीटरला दोन हजारांच्या थोडं वर. पाण्यात बुडवूनही चालतो आणि बाहेर ठेवून पाइपात जोडूनही चालतो.

मी तो बाहेर जोडला. सांगलीचा एप्रिल-मे सगळ्यांना माहीत आहे, पारा चाळिशीला टेकतो. पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो, ते जवळजवळ सगळे शेवटी पाण्यात उष्णता होऊन उतरतात. शंभर वॅटचा पंप सहाशे लिटर पाण्यात बुडवला आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर दिवसाला साडेतीन अंश वाढतील. प्रत्यक्षात बाष्पीभवनानं बरीच निघून जाते, पण उन्हाळ्यात मला एक अंशही नको होता. बाहेर ठेवला की मोटारीची बरीचशी उष्णता खोलीत जाते. संपाच्या काचेला भोक पाडून टँक कनेक्टर बसवला. पंप पाण्याच्या पातळीच्या खालीच असल्यानं तो कायम भरलेला राहतो, हवा धरत नाही. मामांनी फूट व्हॉल्व्हचं विचारलं होतं, पण विहिरीवर पाणी खालून ओढायचं असतं म्हणून तो लागतो. इथं पाणी स्वतःच पंपात येतं. कॉक फक्त पंपाच्या पुढच्या बाजूला प्रवाह जुळवायला. मागच्या बाजूला कॉक आवळून पंपाला उपाशी ठेवायचं नाही.

डीसी पंपाबद्दल एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. त्याला स्पीडचं बटण असतं, १ ते १०. मला वाटलं, पाचवर ठेवला की निम्मं पाणी. पण वेग कमी केला की पंपाची चढवायची ताकद वेगाच्या वर्गानं घटते. वेग ८० टक्के केला, तर ६.५ चे ४.१६ च उरतात, म्हणजे माझ्या सव्वातेरा फुटांना जेमतेम पुरतील इतकेच. स्टँडखालच्या संपाला हे बटण फार उपयोगी आहे. माझ्या घरात ७ वर पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही, ८ वर झिरपतं आणि सगळं खरं काम ९ आणि १० मधेच चालतं.

पाणी वर आलं. बादली सव्वीस सेकंदांत भरली. ताशी २०७७ लिटर. मी ती बादली तीनदा भरली, उगाचच.

तिसऱ्या रात्री वीज गेली.

सकाळी खालच्या खोलीचं दार उघडलं तर पायाखाली पाणी. कोपऱ्यात मुलीची पाचवीपासूनची पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, ती खालून फुगली होती. आकाशकंदिलाचा खोका पार लोळागोळा. दोन्ही ऑस्कर वर टाकीच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे, पाणी पाच इंच खाली गेलेलं.

पंप बंद पडला की चढणारा पाइप उलटा चालतो. त्याचं तोंड मी पाण्याच्या पाच इंच खाली ठेवलं होतं, खळखळ नको म्हणून. सायफन लागला आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली येत राहिलं. माझ्या टाकीत एक इंच म्हणजे साडेतेवीस लिटर. पाच इंच म्हणजे ११८ लिटर, शिवाय पाइपातलं आणि टाकीतल्या ओव्हरफ्लोच्या कप्प्यातलं, जिथून पाणी खाली उतरतं, सतरा-अठरा. संपात रिकामी जागा होती ९५ लिटरची. उरलेलं फरशीवर. हा सगळा हिशोब पाच मिनिटांचा होता आणि मी हेड-घर्षणाच्या नादात तो केलाच नव्हता. पुस्तकं वाळवायला दोन दिवस गेले. मुलगी काही बोलली नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा, असं बरेच जण सुचवतात. मी लावला नाही. एक शेवाळाचा धागा किंवा वाळूचा कण अडकला की तो पूर्ण बंद होत नाही आणि हे कळतं नेमकं त्याच रात्री. शिवाय हेडमध्ये भर पडते ती वेगळीच. मी पाइपाचं तोंड पृष्ठभागाखाली अर्धा इंचावर आणलं आणि त्याच्या वरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेला लागून, पाच मिलिमीटरचं भोक पाडलं, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून. भोक बुजलं तरी तोंड अर्ध्या इंचावरच असल्यानं जास्त पाणी जाऊ शकत नाही. भोकावर आधी विसंबायचं नाही, आधी तोंडाची उंची. संपातलं पाणी एक इंचानं कमी ठेवलं. मग दिवसाउजेडी एमसीबी दहा वेळा पाडून बघितला. दरवेळी संप चार इंच चढला आणि थांबला.

आवाजाचं थोडक्यात सांगतो, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. पाणी उतरायला दीड इंची दोन लाइन आहेत. एक गेट व्हॉल्व्ह लावून अशी जुळवली की पूर्ण भरून, हवा न घेता उतरते, म्हणून गुरगुरत नाही. दुसरी कोरडी, पहिली तुंबली तर. पंपाचा प्रवाह स्थिर असेल तरच हे जुळतं. बाबांनी पहिल्या रात्रीनंतर सकाळी विचारलं, ‘बंद आहे का रे ते?’

मीटरवर पंप १०४ वॅट दाखवतो, महिन्याला ७५ युनिट. एवढं पाणी एवढ्या उंचीवर उचलायला खरी ताकद लागते तेवीस वॅटची, बाकी मोटारीत आणि पंपात वाया जाते. छोट्या पंपांचं असंच असतं. संप वर स्टँडखाली असता तर याच्या तिसऱ्या हिश्शात भागलं असतं. दरमहा एवढी किंमत मी या शांततेची मोजतो आणि ती मला मान्य आहे. ज्यांच्या घरात आवाजाची किंवा वजनाची अडचण नाही, त्यांनी संप दूर नेऊ नये, असं मी मनापासून सांगेन. वीज गेल्यावर ऑस्करांसाठी बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप टाकीला कायम टांगलेला आहे. जुना ४.३ मीटरवाला पंप पाणी बदलताना टाकीतून गॅलरीतल्या झाडांना पाणी द्यायला वापरतो. तिथं हेड नाहीच, तो सुसाट चालतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बादली धरतो आणि खाली संपामागच्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख आणि सेकंद लिहितो. २६, २७, २७, २९. गेल्या रविवारी ३१ भरले. स्पंज धुतले, पंप युनियनवरून सोडवला, इंपेलर काढला. त्याच्या पात्यांवर तपकिरी बुळबुळीत थर बसला होता. जुन्या टूथब्रशनं घासला, शाफ्टवर बोट फिरवून बघितलं, चर पडलेली नाही. परत जोडून बादली धरली. २७.